कोणती डिस्क पुसायची?

"नाही म्हनते," महादेवराव फोनवर म्हणाले. "तू सांगतलं तेच नाव टाकलं. अशी डिस्कच नाही म्हनते हा लॅपटॉप."

प्रणालीनं फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि समोरच्या लॅपटॉपचे स्क्रू काढणं चालूच ठेवलं. अकोल्यात ती ज्या संस्थेत होती, तिथं कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप येत. ते पुसायचे, त्यांत लिनक्स भरायचं आणि बार्शीटाकळीकडच्या शाळांना वाटायचे. एकात आतल्या डिस्कचं नाव एसडीए, दुसऱ्यात एनव्हीएमई. चुली सगळ्या मातीच्याच, पण दर घरी नाव वेगळं. नवख्यांना ती पहिल्याच दिवशी बजावायची, नावावर जाऊ नका, आधी मशीन कोणतं ते बघा.

"पेनड्राइव्ह लावूनच चालू केला ना, बाबा?"

"हो ना. दिवाळीत तू ठेवून गेलती तोच."

लॅपटॉप फार मंद झालाय, सगळा साफ करून घेतो, असं म्हणत ते आठवडाभर तिच्या मागे लागले होते. आज तिनं सगळं समजावून सांगितलं होतं.

"मंग काय नावं दिसतात?"

"एस-डी-ए. ते मोठं हाये, पाचशे जीबी. खाली एस-डी-बी, सोळा."

"सोळाचा आपला पेनड्राइव्ह. त्याले हात लावू नका. एसडीए टाका."

तो लॅपटॉप तिनंच बाबांना घेऊन दिला होता. आत एनव्हीएमई असल्याचं तिला पक्कं आठवत होतं, म्हणून तिनं तेच नाव सांगितलं होतं. आपलीच गफलत, तिला वाटलं. रोज इतके हाताखालून जातात. हल्ली तिला कशाचं काही वाटतही नसे.

मनोज गेल्यापासून हे असंच होतं. तिचा धाकटा भाऊ, धारणीकडच्या आश्रमशाळेत शिकवायचा. घाटात मोटरसायकल घसरली. सामान आणायला बाबा एकटेच गेले आणि मोबाइलचा चुरा घेऊन आले. लॅपटॉपची बॅग सापडली नाही म्हणाले, दरीत गेली असंल. ती निळी बॅग. तिची उसवलेली चेन प्रणालीनंच लाल दोऱ्यानं शिवून दिली होती. मनोज गायचा, आणि गायलेलं सगळं त्या लॅपटॉपवर भरून ठेवायचा. त्याचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. त्या आवाजासाठी तिनं बाबांना भंडावून सोडलं, घाटातल्या गावागावांत फोन केले. परतवाड्याचे जीपवालेही तिचा नंबर ओळखू लागले. ती बॅग मिळाली असती तर तिनं दुसरं काही मागितलं नसतं. मग हळूहळू ते मागणंही सुटलं. दाढ काढायच्या आधी जबडा होतो, तशी ती सगळीच बधिर झाली होती.

फोनमधून बारीक घरघर येत होती. पंखा असेल.

"टाकलं," महादेवराव म्हणाले. "आता इचारून राह्यला, नक्की पुसू का?"

"फोटोबिटो काई ठेवायचं नाही ना?"



"नाही. जुनं राह्यलं का मानूस तिथंच फिरत राह्यते."

"मंग एंटर दाबा."

"परत काही निघत नाही ना यातून?"

"मी सोता बसली तरी नाही निघनार."

"बरं," ते म्हणाले. एक कळ वाजली. "दाबलं."

"आता दुपारभर चालू राहू द्या. उद्या मी सांगीन पुढचं."

तिनं फोन ठेवला आणि पुढच्या लॅपटॉपचे स्क्रू काढायला घेतले.

संध्याकाळी ती खोलीवर पोचते न पोचते तोच व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर मैनाबाईंचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा.

"जेवली का वं?"

"आत्ताच आली, आई. फोन कोनाचा घेतला? आडवा धर, दिसत नाही तू."

"फोन नाही वं. लॅपटॉप हाये. तू शिकवलं तसाच लावला, बाबाले न इचारता." मैनाबाईंच्या आवाजात केवढा अभिमान होता.

प्रणालीचा हात चपलेच्या पट्ट्यावरच राहिला. पुसलेल्या लॅपटॉपवरून कॉल लागूच शकत नव्हता.

"कोनता लॅपटॉप, आई?"

"कोनता म्हंजे? तू बाबाले देला तोच. घरात दुसरा हाये कुठं?"

मैनाबाईंनी लॅपटॉप नीट वळवला. मागे महादेवराव स्टुलावर चढून, पाठमोरे, कपाटावर एक बॅग सरकवत होते. बॅग निळी होती, आणि तिच्या चेनीला लाल दोरा होता.