राखाडी मण्यांचा कारागीर

निरगुडसरला स्कूटी थांबली, आणि जमिनीवर पाय टेकायच्या आतच कासमचाचा म्हणाले, "कुठं हाय तो?"

"दादा, आधी हेल्मेट तर काढा," त्यांची नात इफरा म्हणाली.

त्यांनी हेल्मेट काढलं, पण काखेतलं फडक्याचं गाठोडं काही सोडलं नाही. गाठोड्यात त्यांचा सामता होता. दोरीच्या ओढीवर गरगर फिरून लाकडी मण्याला भोक पाडणारं हत्यार. जुन्नरच्या बाजारात त्यांनी उभी हयात त्याच्यावर काढली होती. हल्ली हात थरथरायचा आणि मणी तडकायचे. दागिने करणारी इफरा तडकलेले मणी गुपचूप बाजूला सारायची. त्यांना तेच जास्त लागायचं.

त्यात हे राखाडी मणी घरात आले. मंचरच्या प्रदर्शनात इफराला निरगुडसरची तेजस्विनी भेटली, तीही दागिने करणारी. दोघींनी मण्यांची अदलाबदल केली. इफरानं आजोबांचे शिसवी मणी दिले, तेजस्विनीनं डबीभर राखाडी. चाचांनी डबीतला एक मणी चिमटीत धरला आणि त्यांची नजर भोकावरच अडकली. कुठं ओरखडा नाही, कड फुटलेली नाही. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, मग खिडकीपाशी बसून सगळी डबी पाहिली. असा हात त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्या दिवशी ताटातली भाकरी तशीच राहिली.

"असा माणूस हाय म्हणल्यावर आपण कशाला लुडबुड करायची?" ते इफराला म्हणाले होते. "सामता त्यालाच देऊन टाकतो." इफरानं परोपरीनं समजावलं. शेवटी तिनं फोन करून तेजस्विनीला त्या कारागिराचं नाव विचारलं, तर ती नुसती हसली. म्हणाली, "चाचांना घेऊनच ये."

आता तीच तेजस्विनी ओट्यावरून उतरून समोर आली. गळ्यात नवी माळ होती, एक मणी शिसवी, एक राखाडी. चाचांना आपले मणी त्या राखाडी मण्यांशेजारी अंग चोरून बसल्यासारखे वाटले.

"लई गोड मणी हायेत तुमचे, चाचा."

"त्ये ऱ्हाऊ दे. तुझा माणूस कुठं बसतो?"

"नदीवर."

"नदीवर? दुकान न्हाई त्याला?"

"तुमी या तर."

नुकत्याच लावलेल्या कांद्याच्या वाफ्यांमधून, बांधाबांधानं ती पुढं निघाली. काठावर कमरेइतकं गवत माजलं होतं, पानं थेट ज्वारीसारखी. तिथं ती थांबली. "हा बघा."

चाचांनी गवतापलीकडं मान लांब करून पाहिलं. माणूस नाही, खोपट नाही. दोन म्हशी तेवढ्या पाण्यात बसलेल्या. "कुठं गेला?"

तेजस्विनीनं गवताचं एक ताट वाकवलं. पानांच्या बगलेत राखाडी मणी लोंबत होते, आणि एकेकाच्या तोंडातून वाळका तुरा वर आलेला. तिनं एक मणी खुडला आणि त्याचा तुरा चिमटीत धरून ओढला. काडी सरकन बाहेर आली. मणी तिनं चाचांच्या तळहातावर ठेवला. गुळगुळीत, चकचकीत, आरपार भोक पडलेला.

"आजी ह्याला रानजोंधळा म्हणती. पिकला की असाच निघतो. आमी नुस्ता धुतो."

चाचांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः एक मणी खुडला. हात थरथरला, तरी काडी सुटून आली आणि भोक अख्खं. दुसराही तसाच. तिसरा त्यांनी डोळ्याला लावला. इवल्याशा भोकातून पलीकडची नदी चमकली आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"सुभानअल्ला," ते पुटपुटले. "बिगर सामत्याचं."

भोक कसं पडतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! अर्धं या अंगानं पाडायचं, अर्धं त्या अंगानं, मधे जुळेपर्यंत श्वास धरून बसायचं. आणि इथं म्हशींच्या वाटेवर दर साली असे ढिगानं मणी तयार होत होते, चिखलात गळत होते. बघायलाही कोणी नव्हतं. इतके दिवस छातीत रुतून बसलेला हेवा कुठल्या कुठं गेला. हेवा करायला इथं माणूसच नव्हता.

"दादा," इफरानं हळूच विचारलं, "सामता?"

ते खाली बसले आणि त्यांनी गाठोडं सोडलं. इफराचा चेहरा उतरलेला त्यांना दिसला. सामत्याच्या मुठीला एक शिसवी मणी बांधलेला होता. बापाच्या नजरेखाली पाडलेलं पहिलं बिनचूक भोक त्या मण्याला होतं. तो त्यांनी कधी कोणाला विकला नव्हता. आता तो सोडून त्यांनी मांडीवर ठेवला, सामत्याचं टोक त्या गवताच्या बुडाशी ओल्या मातीत टेकवलं आणि दोरी ओढली. हात थरथरत होता. त्यांनी थरथरू दिला, मातीला काही तडा जात नव्हता. छान गोल भोक पडलं. त्यात त्यांनी मणी सोडला आणि अंगठ्यानं वरून माती सारखी केली.

"चाचा, लाकडाचा हाय त्यो," तेजस्विनी म्हणाली. "उगवायचा न्हाई."

"उगवायला कोण लावतंय?" चाचा सामता पुन्हा फडक्यात बांधत म्हणाले. "डबीभर घेतलेत त्याचे. एक तरी माझा ऱ्हाऊ दे त्याच्याकडं."