साधं का पावर?

२०२२ सालची गोष्ट. माकणीचे सिद्धेश्वरअप्पा आपल्या जुन्या व्हॅनमधून गावातल्या पोरींना रोज लोहाऱ्याच्या शाळेत सोडायचे. त्या वर्षी व्हॅन फार दचके खायला लागली. अप्पांनी सगळा दोष पेट्रोलला दिला आणि साधं सोडून ‘पावर’ म्हणतात ते भारी पेट्रोल भरायला लागले. तरी दचके काही थांबेनात. मग एक दिवस त्यांची बायको महादेवी शेजारी बसून गेली. पोरींना सोडून परतताना अप्पांनी गाडी पंपावर घेतली.

“अप्पा, साधं का पावर?” पंपावरच्या माणसानं विचारलं.

“पावर. इंजन जुनं हाय, त्याला भारीच लागतंय.”

“साधंच घाला,” महादेवी म्हणाली. “पावर ह्यांच्या चष्म्याची वाढवायची हाय.”

“तुला गाडीतलं काय कळतंय?”

“गाडीतलं न्हाय कळत. पण येताना एक बी खड्डा तुमी चुकवला न्हाय. अन् म्हशीला साईड तुमी दिली न्हाय, म्हशीनं तुमाला दिली.”

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“पोरी लोकांच्या हायत,” ती म्हणाली आणि किल्ली काढून कमरेला खोचली. दोघं एसटीनं घरी आली.

पुढं ऑपरेशन होऊन अप्पांच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू निघाला. तोवर महादेवीनं साठीत लायसन काढलं होतं, त्यामुळं किल्ली काही परत मिळाली नाही. त्या पोरी आता कॉलेजात आहेत. व्हॅन साध्या पेट्रोलवर धावते, आणि शेजारी बसलेले अप्पा महादेवीला समोरचा एकेक खड्डा आधीच सांगत जातात.