शेजारची दोरी

नर्सबाईंची बदली झाली, की घर निवडण्याची त्यांची रीत ठरलेली. आधी शेजाऱ्यांची कपड्यांची दोरी बघायची. माणसं थापा मारतात, वाळत घातलेले कपडे मारत नाहीत.

पहिल्या वस्तीत शेजारच्या बाईने इवलेसे फ्रॉक असे झटकून, ताणून घातले होते, की नर्सबाईंच्या पोटात दुखलं. ड्यूटीच्या धबडग्यात त्यांच्या लेकीचे फ्रॉक कायम चुरगळलेले. "इथे नको," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

दुसरी वस्ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोरीवर तेच फ्रॉक, मागे तीच बाई.

"जळतेस म्हणून दिसते ती तुला," नवरा हसला.

तिसऱ्या वस्तीत तर ती फाटकातच उभी होती. सख्ख्या आजीकडेही न जाणारी लेक हात सोडून धावली आणि थेट तिच्या कडेवर चढली.

"अगं, उतर खाली. त्यांना त्रास होतोय," नर्सबाई कसंनुसं हसत म्हणाल्या.

लेकीने परक्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या बाईच्या गळ्यात हात टाकून विचारलं, "आई, ह्या काकू आपल्या शेजारी राहायला येणार?"