वरचं दार

घोडनदीच्या घाटावर ऊन चढलं, तरी कावळा शिवेना.

गेणबाचा दहावा होता. बाभळीवर दोन कावळे बसले होते, पिंडाकडे टुकूटुकू बघत होते. पण खाली यायचं नाव नाही.

"मनात कायतरी ऱ्हायलंय गेणबाच्या," एक म्हातारा म्हणाला.

काय राहिलंय, हे सांगायला जोशी नको होता. सगळ्यांच्या नजरा सावळारामकडे वळल्या. सावळाराम गेणबाचा धाकटा भाऊ. त्यानं मान आणखी खाली घातली.

चार वर्षांपूर्वी तो माळावरच्या दगडखाणीत पाणी राखायच्या कामावर होता. खडी धुतलेलं गढूळ पाणी तिथल्या दोन तळ्यांत निवळायचं. वरच्या तळ्यात गाळ बसायचा, खालच्यात नितळ पाणी उतरायचं. ते नितळ पाणी ओढ्याकाठच्या विहिरींना पाळीपाळीनं सोडायचं, असा खाणीचा आणि गावाचा ठराव होता. दोन्ही तळ्यांची दारं ओढ्याकडे उघडायची. ती फिरवायची लोखंडी चाकं एकाच बांधावर, शेजारी शेजारी. वरच्या चाकाला मात्र कुणी हात लावायचा नाही.

त्या साली दुष्काळ पडला. गेणबाची डाळिंबं माना टाकायला लागली, तेव्हा तो भावाकडे आला.

"सावळ्या, माझी पाळी अगोदर सोड. आठवडाभर न्हाई दम धरायची बाग."

"अण्णा, भाऊ म्हणून तुला सोडलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल."

गेणबा तसाच उठला. चपला पायात सरकवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं दार सताड उघडं सापडलं. सगळा गाळ ओढ्यानं खाली गेला होता आणि पहिली विहीर लागत होती ती गेणबाची. ती काठोकाठ बुजली.

आदल्या संध्याकाळी पाहुणे यायचे म्हणून सावळाराम घाईनं घरी गेला होता. त्याच दिवशी दुपारी वरच्या चाकाला त्यानं तेल घातलं होतं. नंतर ते घट्ट आवळलं की नाही, काही केल्या आठवेना. नोकरी गेली त्याचं काही नव्हतं. पण भावानं भावाची विहीर बुजवली, हे गावाच्या तोंडी बसलं, आणि त्याच्याही मनात.

गेणबानं मात्र कधी एका शब्दानं विचारलं नाही. खाण भरपाई द्यायला निघाली, तीही घेतली नाही. सावळाराम पाय धरायला गेला, तर त्यानं चटका बसल्यासारखे पाय मागे ओढले.

"तुझी चूक न्हाई, सावळ्या," एवढं म्हणाला आणि तोंड फिरवून गोठ्यात गेला. त्यानंतर चार वर्षांत त्यानं भावाच्या नजरेला नजर दिली नाही.

माणूस देव होता, असं लोक म्हणायचे. सावळारामला ते शिवीहून जास्त लागायचं.

"बोला काका, कायतरी बोला," गेणबाचा मुलगा म्हस्कू हात जोडून म्हणाला.

सावळाराम पुढे झाला. "अण्णा, विहीर मी उपसून देतो. माझ्या हातानं."

एक कावळा उडून खाली आला. पिंडापासून हातभर अंतरावर बसला. लोक दोन पावलं मागे सरकले.

"चुकलो, अण्णा! दार माझ्याच हातनं ऱ्हायलं. माफी दे मला."

कावळा भुर्रकन उडाला आणि पुन्हा बाभळीवर जाऊन बसला.

सावळाराम वाळूत मटकन खाली बसला. मेल्यावरही भाऊ माफ करत नाही, म्हणजे आता मागायचं तरी कुणाकडे? तो पोरासारखा रडू लागला. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा सखूबाई उठली. गेणबाची बायको सकाळपासून तोंडाला पदर लावून एका बाजूला बसली होती. ती पिंडापुढे आली आणि हात जोडले.

"तुमच्यानं झालं न्हाई, पर मी सांगते. भावजींना आत्ता, समद्यांम्होरं सांगते. पहाटं पाणी घ्यायला तुमीच बांधावर गेलतात, आन् अंधारात चाक चुकलं तुमचं."

तिचं बोलणं संपायच्या आत कावळा शिवला.