कोपऱ्यातली सही

वसू पेंटरने लॅपटॉप मिठाईच्या काउंटरवर ठेवला आणि बाहीने स्क्रीन पुसली.

याच दुकानाची पाटी त्याने एके काळी शिडीवर चढून रंगवली होती. पुढे तिच्या जागी छापील फ्लेक्स आला, मग गावभर तेच झालं आणि त्याचे ब्रश डब्यात पडून राहिले. तेव्हा तो मोबाइलवर व्हिडिओ बघत, चुकतमाकत, वेबसाइट बनवायला शिकला. ही त्याची पहिलीच. काम जमलं होतं, पण दिवसभर बसूनही बोटांना टर्पेंटाइनचा वास लागत नाही, एवढंच त्याला सलायचं.

शेठनी चष्मा लावला. “अक्षरं आपल्या जुन्या पाटीसारखीच आलीत की.”

“तेवढी ब्रशनं काढली,” तो हळूच म्हणाला. “मग फोटो काढून इथं बसवली.”

पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, पूर्वी प्रत्येक पाटीवर असायचं तसं बारीक अक्षरात ‘वसू आर्ट’ लिहिलेलं होतं. ते दिसताच शेठचं बोट कौतुकाने स्क्रीनकडे गेलं.

“हात लावू नका,” वसू पटकन म्हणाला, “ओलं आहे अजून.”

शेठनीही बोट तसंच मागे घेतलं.