आत्याबाई निघाल्या चौकीवर

आत्याबाई तिसऱ्यांदा बर्फात रुतल्या, तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने चाकाला हात जोडले.

चाक दीड पुरुष उंच होतं. अशी चोवीस चाकं आणि मागे सहा डबे. डोंगराएवढं सामान घेऊन निघायचं आणि उंबऱ्यातच बसकण मारायची, म्हणून कारखान्याने गाडीला हे नाव ठेवलं होतं.

"बाई, ह्यांचा काही जायचा विचार दिसत नाही."

बाई म्हणजे गाडी आखणारी इंजिनिअर. ती हसली नाही. डोंगरापलीकडच्या चौकीवर तिचा धाकटा भाऊ शिपाई होता. सगळी तुकडी हिवाळ्याआधी चालत गेली आणि मागे वाट बंद झाली. विमानातून टाकलेली पोती वारा दरीत नेत होता.

वायरलेसवर भाऊ म्हणायचा, "ताई, निघाल्या का गं आत्याबाई? इथे शत्रू राहू दे, कावळासुद्धा फिरकत नाही."

"मग राखता काय?"

"सुभेदारांना विचारलं. म्हणाले, गुपित आहे."

"जेवलास?"

"अर्धा."

पुढे पुढे तो "निघाल्या का?" एवढंच विचारू लागला. मग त्याच्या जागी दुसराच कुणी बोलू लागला. का, ते बाईने विचारलं नाही.

पुढच्या एका इंजिनाने सगळं ओढायचा हट्ट तिने सोडला आणि प्रत्येक चाकात वेगळी मोटार बसवली. आत्याबाई हलल्या. मुख्यालयाच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"कमाल केलीत, बाई!"

"निघू का?" बाईने विचारलं.

चौकी म्हणजे दोन दगडी खोल्या आणि बाहेर दगडांचे चार ढीग. सुभेदाराने न विचारताच शेवटच्या ढिगाकडे बोट केलं. बाई तिथे जाऊन उभी राहिली. मागे ड्रायव्हर पोती उतरवत होता. उरलेले शिपाई घाई न करता बघत होते.

ती परत आली. तिचा आवाज कारखान्यात असायचा तसाच होता.

"एवढं काय राखत होतात इथे?"

सुभेदाराने आत्याबाईंना या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं.

"गाडी पोचली, आता सांगायला हरकत नाही. काहीच नाही, बाई. चाचणी खरी व्हावी म्हणून लांब कुठेतरी उपाशी माणसं हवी होती."