गोड आवाज

गाडीत रोज वापरायला, दोन्हीकडून बोलता येणारा हॅम रेडिओ निवडताना ती नवऱ्याला म्हणाली, "मोठ्या पडद्याचा घ्या, चालवताना नीट दिसेल."

"तुला काय कळतंय त्यातलं? गप्प उभी राहा!" तो भर दुकानात खेकसला. दुकानदारानेही तोच सुचवला, तेव्हा मुकाट्याने घेतला.

रेडिओवर हॅम क्लबातल्या मंडळींशी तो अगदी लाघवी बोलायचा. बटण दाबून बोलणं संपलं की माइक तिच्या मांडीवर टाकून एकेकाचा उद्धार करायचा.

तो उभा असलेल्या क्लबाच्या निवडणुकीला निघाल्यावर तिने लाडात विचारलं, "अहो, त्या क्लबातल्या म्हाताऱ्यांना तुम्ही काय काय म्हणता, सांगा ना!"

स्वारी खुलली. नावं घेऊन, नकला करून, पोट धरून हसत त्याने सगळ्यांची सालं काढली.



माइकचं बटण तिने अंगठ्याने घट्ट दाबून धरलं होतं आणि सगळा क्लब ऐकत होता.